दोन क्विंटल कापसात घरचं थिएटर

दोस्तांनो, आधी एक गणित सोडवा बरं! २०२५-२६च्या हंगामासाठी सरकारने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये ठरवला. मग दोन क्विंटलचे किती झाले? १६,२२० रुपये. शाब्बास! आता पुढचं गणित. एका बोंडातून साधारण चार ग्रॅम कापूस निघतो असं धरू. दोन क्विंटल म्हणजे दोन लाख ग्रॅम. मग बोंडं किती? पन्नास हजार! आणि त्यातलं प्रत्येक बोंड कुणीतरी उन्हात वाकून, हाताने वेचलेलं.

हे गणित कशाला, असं वाटलं ना? अहो, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी घरांत मोठी खरेदी होते ती कापूस विकला की मगच. पुसद-उमरखेडकडे पाहा, वणी-मारेगावकडे पाहा, नाहीतर पांढरकवडा-घाटंजीकडे. बियाण्यांची उधारी, खत, शाळेची फी, कुणाचं तरी औषधपाणी अशी लांबलचक रांग असते आणि हौसेची वस्तू त्या रांगेत अगदी शेवटी उभी असते. म्हणूनच या लेखात आपण एक हौस पुरवायची, पण कापसाच्या हिशेबात मोजून-मापून.

हौस कसली? तर घरातल्या टीव्हीला एक छोटा संगणक जोडायचा, दोन बरे स्पीकर लावायचे आणि रविवारी सगळ्या घराने मिळून सिनेमा पाहायचा. सोमवारी त्याच संगणकावर तुम्ही अभ्यास करायचा, ताईने एमएस-सीआयटीचा सराव करायचा. इंग्रजीत याला होम थिएटर पीसी म्हणतात. आपण म्हणू 'घरथिएटर'.

हे डबडं कायले पाह्यजे?

तुम्ही घरी विषय काढलात की आबाजी हमखास विचारतील, "काऊन रे, टीव्ही हाये ना घरात? मंग हे डबडं कायले पाह्यजे?"

रागावू नका. प्रश्न अगदी रास्त आहे, आणि खरेदीची पहिली पायरीही हीच आहे. तुमचा टीव्ही स्मार्ट असेल, घरात इंटरनेट नीट चालत असेल आणि तुम्हाला फक्त यूट्यूब किंवा एखाद्या सेवेवरच्या मालिका पाहायच्या असतील, तर संगणक घेऊच नका! टीव्ही स्मार्ट नसेल तर त्याच्या मागे खोचायची एखादी छोटी स्टिक पुरते. शिवाय पैसे भरून घेतलेल्या काही सेवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये चित्र कमी स्पष्ट दाखवतात आणि टीव्हीच्या अॅपमध्ये पूर्ण स्पष्ट.

मग घरथिएटर कुणासाठी? ज्यांच्या गावात नेटचा भरवसा नाही, म्हणून सिनेमे नि धडे आधीच उतरवून ठेवावे लागतात त्यांच्यासाठी. ज्यांच्याकडे लग्नाच्या, गॅदरिंगच्या जुन्या सीडी नि फायली साठलेल्या आहेत त्यांच्यासाठी. आणि ज्यांना एकाच यंत्रावर अभ्यास आणि करमणूक अशी दोन्ही कामं करून घ्यायची आहेत त्यांच्यासाठी. तुम्ही यात बसत असाल, तर वाचा पुढे.

आधी टीव्हीला विचारा

बहुतेक जण आधी संगणक पसंत करतात आणि मग तो टीव्हीला लावू पाहतात. आपण उलटं करू. कारण संगणकाने कितीही सुंदर चित्र पाठवलं, तरी टीव्ही दाखवेल तेवढंच दिसणार.

टीव्हीचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. बऱ्याच ३२ इंची टीव्हींवर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. फुल एचडी टीव्हीवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. आणि ज्याचा एवढा गाजावाजा होतो त्या फोर-के टीव्हीवर याच्या चौपट!

"मग फोर-केच घेऊ की!" थांबा, थांबा. आपल्या डोळ्यालाही एक मर्यादा असते. ३२ इंची पडद्याची रुंदी साधारण ७१ सेंटिमीटर. तिचे १९२० भाग केले तर एक ठिपका आला मिलिमीटरच्या चार-दशांशाहूनही लहान. निरोगी डोळ्याला एवढे ठिपके वेगवेगळे दिसतात ते साधारण सव्वा मीटरपर्यंत. १३६६ ठिपक्यांच्या टीव्हीचे दिसतात पावणेदोन मीटरपर्यंत. आता तुमच्या खोलीत टीव्हीपासून बसायची जागा मोजा. दहा फूट, म्हणजे तीन मीटर? मग तिथून ३२ इंची पडद्यावर फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक गरुडाला दिसला तर दिसेल, तुम्हाला-आम्हाला नाही. झाली की नाही बचत?

टीव्हीच्या मागे वाकून आणखी एक गोष्ट पाहा. एचडीएमआय नावाचं चपटं भोक आहे का? असेल तर उत्तम, चित्र आणि आवाज एकाच तारेतून जातील. जुना डबा टीव्ही असेल आणि त्याला फक्त पिवळी, लाल, पांढरी भोकं असतील, तर मधे एक कन्व्हर्टर लावावा लागतो आणि अक्षरं इतकी पुसट दिसतात की अभ्यास होत नाही. अशा वेळी पैसे आधी टीव्हीसाठी जमवा, संगणकासाठी नंतर.

सिनेमाची गाठ

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तुम्ही जिनिंग-प्रेसिंग पाहिलं असेल. गाड्या भरभरून कापूस येतो, सरकी वेगळी होते, रुई दाबली जाते आणि तिची १७० किलोची घट्ट गाठ बांधतात. सगळी रुई मोकळीच पाठवायची म्हटली तर किती ट्रक लागतील, कल्पना करा!

सिनेमाचंही तसंच आहे. फुल एचडीच्या एका चित्रात २० लाखांवर ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला तीन बाइट. म्हणजे एका चित्राचे झाले ६२ लाख बाइट. सेकंदाला अशी २५ चित्रं धरली, तर एका तासाचा कच्चा माल होतो सुमारे ५६० जीबी! पण तुम्ही उतरवलेली फाइल तर तासाला दोन-सव्वादोन जीबीचीच असते. बाकीचं गेलं कुठे?

गंमत अशी, की प्रत्येक चित्र नव्याने लिहीतच नाहीत. रस्त्यावरून बैलगाडी चालली आहे असं दृश्य घ्या. आभाळ तेच, झाडं तीच, हलते ती फक्त गाडी. मग पहिलं चित्र पूर्ण लिहायचं आणि पुढच्यांत फक्त 'गाडी इतकी सरकली' एवढंच. डोळ्याला जाणवणार नाहीत असे बारकावेही गाळून टाकतात. अशी अडीचशे पट दाबलेली गाठ तयार होते. ती बांधण्याच्या पद्धतींना नावं आहेत. २००३ सालची एच.२६४, २०१३ सालची एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५, आणि २०१८ सालची एव्ही-वन. नवी पद्धत गाठ आणखी घट्ट बांधते. एचईव्हीसीत तेवढ्याच स्पष्टतेचा सिनेमा साधारण निम्म्या जागेत मावतो.

पण गाठ जितकी घट्ट, तितकी सोडवायला अवघड! सिनेमा चालू असताना संगणकाला सेकंदाला पंचवीस वेळा ही गाठ सोडवावी लागते. हे काम दोन प्रकारे होतं. एक तर प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, हिशेब करकरून ती सोडवतो. तो तापतो, पंखा घरघरतो आणि चित्र अडखळतं. नाहीतर चिपमध्ये याच एका कामासाठी कोरलेला छोटा भाग असतो, तो शांतपणे सोडवतो. या भागाला हार्डवेअर डिकोडर म्हणतात. घरथिएटर घेताना पैसे मोजायचे ते या छोट्या भागासाठी. बाकी सगळं नंतर.

थोरला आणि धाकटा

दुकानात गेलात की ऐकू येईल, "हा घ्या, आय-सेव्हन आहे, एकदम दणकट!" भुलू नका. एक युक्ती सांगतो. नावापुढचा आकडा वाचा. इंटेलच्या टेबलावरच्या संगणकांत आय७-२६०० या आकड्यातला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी. आय३-७१००मधला ७ म्हणजे सातवी पिढी. आणि १०४०० असा पाच आकडी नंबर असेल तर पहिले दोन आकडे वाचायचे, म्हणजे दहावी.

आता या दोन भावांची शर्यत लावू. आय७-२६०० आला २०११ साली. आय३-७१०० आला २०१७ साली. नावाने पहिला थोरला आणि दुसरा धाकटा. मोठमोठे हिशेब करायचे असतील तर थोरला अजूनही कमी नाही. पण एचईव्हीसीची गाठ सोडवणारा भागच त्याच्याकडे नाही! २०११ साली ती पद्धतच जन्मली नव्हती, तर तो भाग येणार कुठून? धाकट्याकडे तो आहे, आणि यूट्यूबची व्हीपी-नाइन ही पद्धतही त्याला येते. शिवाय भर कामात थोरल्यासाठी ९५ वॅट उष्णतेचा हिशेब धरलेला आहे, धाकट्यासाठी ५१ वॅट. सिनेमाच्या शर्यतीत धाकटा जिंकला.

म्हणून हे लक्षात ठेवा. सहाव्या पिढीपासून साधी एचईव्हीसी सुटते, सातव्या पिढीपासून जास्त रंगछटांची दहा-बिटीही सुटते, आणि एव्ही-वन सोडवणारा भाग इंटेलमध्ये अकराव्या पिढीपासून आला. आपल्या बजेटला सातवी-आठवी पिढी झकास. गाणी-सिनेमे फक्त एच.२६४मध्येच असतील तर चौथी पिढीही चालून जाते. वेगळं ग्राफिक कार्ड? सिनेमासाठी मुळीच नको. ते खेळांसाठी असतं. पैसे खातं, वीज खातं आणि खोली तापवतं.

जुना घ्यावा का?

घ्यावा. मोठ्या शहरांतली ऑफिसं काही वर्षं वापरून झाली की संगणक एकगठ्ठा काढून टाकतात. ते साफसूफ होऊन नागपूरच्या सीताबर्डीसारख्या बाजारात आणि तिथून आपल्याकडे येतात. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज-१०साठीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती नेहमीच्या मुदतीप्रमाणे संपली. विंडोज-११ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे चांगले धडधाकट संगणक ऑफिसांना नकोसे झाले. त्यांना नको ते आपल्याला हवं! फक्त त्यांवर लिनक्स घालायचं. ते मोफत असतं. विंडोजच हवं असेल तर मात्र आठवी पिढी पाहा.

त्यातही पुस्तकाएवढे छोटे संगणक मिळतात, मिनी किंवा टायनी म्हणतात त्यांना. त्यांतल्या बऱ्याच चिपच्या आकड्याच्या शेवटी 'टी' हे अक्षर असतं, जसं आय५-६५००टी. हा टी म्हणजे कमी विजेवर चालणारा, ३५ वॅटचा भाऊ. टीव्हीमागे सहज मावतो आणि आवाजही फार करत नाही.

आणखी एक गुपित सांगू? पडदा फुटलेला लॅपटॉप! फुटक्या पडद्याला गिऱ्हाईक नसतं, पण आतला संगणक ठणठणीत असू शकतो. एचडीएमआयने टीव्हीला जोडला की झालं. बॅटरी चांगली असेल तर वीज गेल्यावरही तो बंद पडत नाही. मात्र बॅटरी फुगलेली दिसली तर हातही लावू नका. तिला आग लागू शकते.

रास्पबेरी पायचं नाव तुम्ही ऐकलं असेल. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून २०१२ साली हा पत्त्याएवढा संगणक आणला. तेव्हा एका नमुन्याची किंमत होती ३५ डॉलर. सिनेमाही तो छान दाखवतो. पण अॅडॉप्टर, डबी आणि मेमरी कार्ड वेगळं घ्यावं लागतं. सगळं मिळून किती होतं ते कागदावर मांडा आणि मगच जुन्या मिनीशी तुलना करा.

पोटात काय हवं?

रॅम म्हणजे संगणकाचं कामाचं टेबल. फक्त सिनेमासाठी ४ जीबी पुरते. अभ्यास, ब्राउझर आणि टायपिंगही करायचं तर ८ जीबी घ्या. १६ जीबी आत्ता नको, लागलीच तर पुढे वाढवता येते.

साठवणीसाठी दोन भांडी ठेवा. एक लहान एसएसडी, ज्यावर संगणकाची मूळ प्रणाली राहील. २५६ जीबीची भरपूर झाली. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे संगणक पटकन सुरू होतो. दुसरं म्हणजे सिनेमांसाठी फिरती हार्ड डिस्क, घरात पडलेली जुनी असली तरी चालेल. तासाला सव्वादोन जीबी धरले, तर ५०० जीबीमध्ये किती तास मावतील? भागाकार करा. २२२ तास! रोज एक तास पाहिलं तरी सात महिने पुरेल.

कान विसरू नका

पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. मग संवाद पुटपुटल्यासारखे येतात आणि आजी विचारते, "काय म्हन्ला बाप्पा तो?" संगणकावरचे हजार रुपये वाचवून ते आवाजावर घाला, फरक सगळ्या घराला कळेल.

५.१ असं डब्यावर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पाच स्पीकर आणि एक जाड आवाजाचा सबवूफर. ऐकायला मजा येते खरी, पण लहान खोलीत पाच स्पीकर ठेवायचे कुठे? स्वस्त पाचांपेक्षा बरे दोन चांगले. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, बसल्यावर कानाच्या उंचीवर ठेवा. दोन स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण जमला की संवाद बरोबर पडद्यातून आल्यासारखे वाटतात. माळ्यावर जुना टेप किंवा अॅम्प्लिफायर पडला आहे? त्याला ऑक्सचं भोक असेल तर झालं काम, नवं काही घ्यायलाच नको.

खोलीत आवाज घुमतो? फरशी आणि उघड्या भिंती आवाज परतवतात. समोरच्या भिंतीला जाड पडदा लावा, खाली सतरंजी अंथरा. आजीची गोधडी मागच्या दोरीवर टाकलीत तरी चालेल. या उपायाला खर्च शून्य!

ऊन, धूळ आणि वीज

पुण्या-मुंबईचे सल्ले आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते इथे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५वर जातो. संगणक फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी हळू चालतो, मग सिनेमा अडखळतो. आतले कपॅसिटर नावाचे छोटे डबेही उष्णतेने लवकर म्हातारे होतात. ढोबळ नियम असा, की दहा अंशांनी थंड ठेवलं तर त्यांचं आयुष्य दुप्पट. तेव्हा संगणक शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका, आणि वर विणलेला रुमाल तर मुळीच घालू नका! चारी बाजूंनी हात फिरेल एवढी जागा सोडा.

दुसरी गोष्ट, कापसाचं तूस. घरात कापूस साठवलेला असेल तर ते सगळीकडे उडतं आणि पंख्याच्या पात्यांवर बसतं. दोन महिन्यांनी एकदा प्लग काढून, मोठ्या माणसाला सोबत घेऊन मऊ ब्रशने झटका. झटकताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

तिसरी गोष्ट, वीज. अचानक गेली की फिरत्या डिस्कला धक्का बसतो आणि फाइल बिघडते. म्हणून छोटा यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस मिनी संगणक आणि ३२ इंची टीव्ही काही मिनिटं सांभाळतो. तेवढ्यात नीट बंद करायचं, सिनेमा पुरा करायचा नाही! संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? म्हणजे अर्थिंग नाही. आधी वायरमनला बोलवा. आणि मृगाच्या आधीची वळवाची गडगड सुरू झाली की टीव्ही, संगणक, डिशची तार, सगळं उपटून ठेवा. पडणाऱ्या विजेपुढे यूपीएसचं काही चालत नाही.

बिलाचंही पाहू. समजा, रोज तीन तास म्हणजे महिन्याला ९० तास संगणक चालला. १५ वॅटचा मिनी खाईल १.३५ युनिट, आणि ९० वॅट ओढणारा जुना मोठा डबा ८.१ युनिट. सहापट! डबा फुकट मिळाला तरी बिल फुकट नसतं. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर पाहून वर्षाचा फरक काढा.

फुकटातलं सोनं

सिनेमा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालवायचा नाही. व्हीएलसीचा नारिंगी शंकू पाहिला आहे ना? १९९६ साली पॅरिसजवळच्या एका इंजिनियरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आपल्या वसतिगृहाच्या नेटवर्कवर व्हिडिओ पाहता यावा म्हणून हा प्रकल्प सुरू केला. २००१ साली तो सगळ्या जगासाठी खुला झाला. रस्त्यावरचे शंकू जमवायचा तिथल्या पोरांना नाद होता, तोच झाला बिल्ला! दुसरं आहे कोडी. ते टीव्हीवर सिनेमांची चित्रमय यादी मांडतं आणि फोनलाच रिमोट बनवतं.

आणि पाहायचं काय? चोरून उतरवलेले सिनेमे नकोत. त्यांच्याबरोबर व्हायरसही येतात आणि ते बनवणाऱ्यांच्या कष्टाचं मोल बुडतं. ५० हजार बोंडं वेचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कायद्याने मोफत असलेलंही पुष्कळ आहे. 'बिग बक बनी' हा २००८ सालचा दहा मिनिटांचा सशाचा कार्टूनपट त्याच्या कर्त्यांनीच मोफत वाटला आहे. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा आज जेवढा भाग उरला आहे, तोही पाहता येतो.

दहा वाटे

भाव महिन्या-महिन्याला बदलतात, म्हणून इथे भाव देत नाही, वाटे देतो. तुमच्या रकमेचे दहा वाटे करा. पाच वाटे संगणकाला, रॅम आणि एसएसडी धरून. दोन वाटे आवाजाला. दोन वाटे यूपीएस आणि अर्थिंगला. उरलेला एक वाटा तार आणि बिनतारी कीबोर्ड-माउसला. आपल्या १६,२२०मध्ये संगणकाचे आले ८,११० रुपये. म्हणजे बरोबर एक क्विंटल कापूस! आवाज माळ्यावरून फुकट मिळाला? मग ते दोन वाटे पुढच्या पिढीच्या संगणकाला द्या, नाहीतर सरळ घरात परत करा.

हमीभाव सगळ्यांच्या पदरी पडतोच असं नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. व्यापाऱ्याने क्विंटलला ७००० दिले, तर याच घरथिएटरला दोन नव्हे, सव्वादोन क्विंटलहून जास्त कापूस लागेल. अशा वर्षी यादी लहान करायची, उधारी मोठी करायची नाही.

दुकानात जाताना

पेन ड्राइव्हमध्ये 'बिग बक बनी'ची फुल एचडी फाइल आणि एचईव्हीसीतली एखादी फाइल घेऊन जा. मग क्रमाने पाहा:

१. प्रोसेसरचा पूर्ण आकडा स्वतः पडद्यावर वाचा. पिढी कोणती?

२. मागे एचडीएमआय आहे का? ऑफिसच्या संगणकांना पुष्कळदा डिस्प्लेपोर्टच असतं. मग त्याची एचडीएमआयची तार वेगळी घ्यावी लागते.

३. दोन्ही फाइली व्हीएलसीमध्ये लावा. टूल्स, मीडिया इन्फर्मेशन, स्टॅटिस्टिक्स असं उघडा. हरवलेल्या चित्रांचा आकडा सारखा वाढतोय का?

४. त्याच वेळी प्रोसेसर किती टक्के कामात आहे ते पाहा. दहा-वीसच्या आसपास असेल तर गाठ सोडवणारा भाग काम करतोय. शंभराकडे धावत असेल तर राम राम ठोका.

५. पंधरा मिनिटं चालू ठेवा. पंखा ओरडतो का? सगळी यूएसबी भोकं आणि आवाजाचं भोक तपासा.

६. मिनीचा अॅडॉप्टर मूळचा आहे का?

७. पक्कं बिल आणि लेखी हमी. हमी तोंडी असेल तर ती नाही असंच समजा.

आई-बाबांशी दोन शब्द

मुलांना दुकानात बरोबर न्या आणि वरची तपासणी त्यांच्याकडूनच करून घ्या. हा संगणक बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या नजरेसमोर राहतो, हा त्याचा मोठा फायदा. परीक्षेच्या दिवसांत वेळापत्रक ठरवा, पण तुम्हीही ते पाळा. मुलांचा अभ्यास चालू असताना शेजारी मालिका लावायची नाही, बरं का!

चला तर मग दोस्तांनो, आजच कागद-पेन्सिल घ्या. टीव्हीचे ठिपके, बसायची जागा किती मीटर दूर, मागची भोकं, घरात आधीपासून असलेल्या वस्तू आणि दहा वाटे, एवढं एका पानावर लिहा. ते पान आबाजींपुढे ठेवा. "कायले पाह्यजे?" या त्यांच्या प्रश्नाला तुमच्याकडे आता उत्तर आहे. आणि पान लिहिता लिहिता तुमच्याच लक्षात आलं की आपल्याला याची गरज नाही, तर दोन क्विंटल कापूस वाचला की!